वजनवाल्याचा शेवटचा फर्मा

रविवारी सकाळी खळ शिजायला ठेवली, तेव्हा घरातल्या चौघांचं त्या कादंबरीबद्दलचं मत पक्कं झालेलं होतं, आणि चौघांपैकी एकानेही ती पूर्ण वाचलेली नव्हती. ह्यात गैर काही नव्हतं. ह्या घरात पुस्तकं अशीच वाचली जायची.

घर पुस्तकबांधणीचं, आणि पद्धत पणजोबांपासूनची. छापखान्यातून मोठे कागद यायचे, त्यांना घड्या घातल्या की सोळा-सोळा पानांचे फर्मे व्हायचे, आणि शिलाईला बसण्याआधी घरातल्या प्रत्येकाने एकेक फर्मा नेऊन वाचायचा. मग पुढच्या खोलीत जमायचं, आपापल्या फर्म्यात काय घडलं ते क्रमाने सांगायचं, आणि पुस्तक बांधायचं की गठ्ठे परत पाठवायचे ते अण्णांनी ठरवायचं. अण्णा स्वतः काही वाचत नसत. न्यायाधीशाने गुन्ह्याच्या जागी हजर असू नये, असं त्यांचं मत होतं.

एवढा खटाटोप का, तर बांधणाऱ्याला मेल्यावर वर त्याने बांधलेली सगळी पुस्तकं वाचून दाखवतात. पहिल्या पानापासून, आणि मधून उठता येत नाही. पणजोबांना हे कोणी सांगितलं कोण जाणे, पण तरुणपणी हौसेने त्यांनी एका केशतेलवाल्याचं आत्मचरित्र बांधलं होतं, आणि शेवटच्या आजारात ते दोन्ही कानांवर हात दाबून पडलेले होते. डॉक्टर म्हणाले ताप आहे. घरच्यांनी मान डोलावली, डॉक्टरांना चहा दिला आणि दारापर्यंत पोचवलं. वर वाचन सुरू झालंय हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

तेव्हापासून ह्या घराने पुष्कळ पुस्तकं परत पाठवली होती. घरातल्याच माणसाचं पुस्तक मात्र पहिल्यांदा आलं होतं.

ते धाकटीचं, अण्णांच्या धाकट्या नातीचं, होतं. म्हणजे लिहिलेलं दुसऱ्याच कोणीतरी, दुसऱ्याच भाषेत. धाकटीने दोन वर्षं खपून ते मराठीत आणलेलं. अस्तित्ववादी कादंबरी, असं तिने जेवताना जाहीर केलं होतं. त्यावर भावोजींनी वादी कोण आणि प्रतिवादी कोण असं विचारलं, आणि धाकटीने जेवण संपेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही असं ठरवलं. कादंबरी बारकी, चार फर्म्यांची. अस्तित्वाबद्दल फार सांगण्यासारखं नसावं. अण्णांनी नाही म्हटलं तर गठ्ठे समोरच्या गल्लीत जाणार होते, जिथला माणूस पुस्तकांना शिलाई न घालता पिना मारायचा. पिना मारलेलं पुस्तक उघडताना जो आवाज येतो, तो धाकटीने लहानपणापासून फक्त शेजाऱ्यांच्या घरी ऐकला होता. पण खरी गोष्ट पिनांची नव्हती. अण्णांनी ज्या पुस्तकाला टाका घातला नाही ते पुस्तक, तिच्या लेखी, झालंच नव्हतं.

आणि तिला बोलायची मुभा नव्हती. ज्याचं पुस्तक त्याने कोपऱ्यात बसून खळ ढवळायची, हाही पणजोबांचाच नियम. केशतेलवाला फार बोलला होता.

अण्णा कामाच्या टेबलाशी बसले. त्यांच्या हातात घडी दाबायची हाडाची पट्टी होती. ती त्यांनी आपटली की निकाल लागला. शेजारी त्यांची थोरली बहीण, अक्का, डोळे मिटून, मांडीवर आपला फर्मा रुमालात बांधून. खिडकीत बाबा: अण्णांचे चिरंजीव, मोठ्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीबद्दल कचेरीला अजून माफ न केलेले. आई रात्रपाळी करून इस्पितळातून थेट येऊन बसली होती. दाराशी भावोजी, ताईचा नवरा, किराणा दुकानदार. दुकान उघडायची वेळ झाल्यामुळे त्यांना पहिला फर्मा देण्यात आला होता.

“माणूस बरा नाही,” भावोजींनी सुरुवात केली.

त्यांनी सांगितलं ते असं. कादंबरीतला नायक वजनमापांचा निरीक्षक आहे. दुकानोदुकानी फिरतो. त्याच्या बॅगेत एक पितळी वजन आहे, त्याच्याशी दुकानदारांची वजनं ताडून बघतो, आणि एवढ्याशा फरकावरून एका गरीब, प्रामाणिक, कुटुंबवत्सल दुकानदाराच्या तागडीला सील ठोकतो. दुकानदार गरीब आणि प्रामाणिक असल्याचं पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, पण भावोजींना ते समजलं. शिवाय निरीक्षक चहाही घेत नाही. “जो माणूस दुकानात येऊन चहासुद्धा घेत नाही,” भावोजी म्हणाले, “त्याचा देवावर काय विश्वास असणार?”

अण्णांनी मान हलवली. ती होय की नाही हे त्यांच्या मानेवरून कधीच कळत नसे. धाकटी खळ जरा जोरात ढवळू लागली.

दुसरा फर्मा आईचा. त्यात निरीक्षकाला रात्री झोप लागत नाही. सगळ्यांची वजनं मी ह्या वजनाने तपासतो, मग हे वजन कोणी तपासलं, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरतो आणि निघतच नाही. हात थरथरतात. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. रोज तेवढं अंतर तो चालत जातो, आणि चालता चालता त्याला वाटतं की आपल्या बॅगेला वजन आहे, आपल्याला नाही.

“जेवणाचा एकदाही उल्लेख नाही,” आई म्हणाली. “सोळा पानांत एकदाही नाही. मी परत परत बघितलं.”

“अगं, ते प्रतीक असेल,” बाबा म्हणाले.

“रक्त कमी आहे त्याचं. असे रोज येतात. आयुष्य पोकळ वाटतंय म्हणतात, आणि विचारलं तर सकाळपासून चहावर असतात.” आईचा देव वॉर्डात राहायचा, माणसाला आधी खाऊ घालावं आणि मग त्याचं म्हणणं ऐकावं, एवढाच तिचा धर्म. पुस्तक बांधावं, असं तिचं मत पडलं, कारण आजारी माणसाला दारातून परत पाठवत नाहीत.

एकास एक झालं. बाबांनी चष्मा पुसला. ते ह्या क्षणासाठी आंघोळ करून, शर्ट खोचून बसले होते.

तिसऱ्या फर्म्यात निरीक्षक वरिष्ठांना विचारतो की आपलं वजन कोण तपासतं. वरिष्ठ म्हणतात, वरचं कार्यालय. तो तिथे जातो. तिथे सांगतात, त्याच्या वरचं. असं चढत चढत तो शेवटच्या मजल्यावर पोचतो. तिथे एक खोली आहे, खोलीत काचेखाली एक वजन आहे, आणि खोलीत कोणी नाही. खुर्ची आहे, खुर्चीवर कोट आहे, माणूस नाही. निरीक्षक संध्याकाळपर्यंत थांबतो आणि परत येतो.

“आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर जात नाही,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला. “अर्ज न देता.”

 बाबांनी चष्म्यावरून एकेकाकडे बघितलं.

“कोट होता म्हणतोस ना खुर्चीवर?” अण्णांनी विचारलं.

“होता की. तेच तर माझं म्हणणं. कोट आहे म्हणजे साहेब जागेवरच आहेत, कुठंतरी बाहेर गेलेत. मी छत्तीस वर्षं असे कोट बघितलेत. वर कोणीतरी असतंच, अण्णा. उत्तर यायला वेळ लागतो, एवढंच. ह्या गृहस्थाने एक संध्याकाळ वाट बघितली आणि लगेच कोणीच नाही असं धरून चालला. ही काय श्रद्धा झाली? मला तर एकदा रजेच्या मंजुरीला अकरा वर्षं लागली होती.”

ह्यापुढचं बाबांनी केवळ नायकाचा बेशिस्तपणा सिद्ध करण्यासाठी सांगितलं. नोकरी सोडल्यावर निरीक्षक असाच भटकत एका दुकानासमोर उभा राहतो. दुकानदार एका लहान मुलीला शेंगदाणे तोलून देत असतो, आणि त्याचा अंगठा तागडीवर असतो. निरीक्षक जवळ जाऊन एकच शब्द म्हणतो, “अंगठा”, आणि निघून जातो.

“अधिकार नसताना,” बाबा म्हणाले.

भावोजींनी दोन्ही हात खिशात घातले.

पण त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. त्यांनी घसा खाकरला. म्हणजे, त्यांनी विचारलं, ह्या पुस्तकाप्रमाणे बघितलं तर मुळातलं वजन बरोबर आहे हेच कोणी सांगू शकत नाही, असं ना? आणि तसं असेल तर कमी भरलं असं तरी कोण सांगणार? त्यांना आता कादंबरी खोल वाटू लागली होती. बांधायला हरकत नाही, उलट दोन-चार प्रती दुकानात ठेवू, असं ते म्हणाले. अण्णांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि भावोजी म्हणाले की आपण आपलं असंच बोललो.

धाकटीची खळ एव्हाना इतकी घट्ट झाली होती की तिच्यात पळी उभी राहत होती. तीन माणसांनी तीन वेगळेच निरीक्षक आणले होते, एक दुष्ट, एक आजारी, एक बिनअर्जाचा, आणि तिने दोन वर्षं ज्याच्यासोबत काढली होती तो त्यांच्यात कुठेच नव्हता. की तिघांत मिळून होता? हा विचार तिला आवडला नाही. आणि मतं बघितली तर दोन बाजूने होती, त्यातलं एक चोराचं. अण्णा चोराचं मत धरत नसत.

राहिली अक्का.

अक्काने डोळे उघडले, फर्म्याचा रुमाल न सोडता त्यावर हात ठेवला आणि सांगायला लागली. निरीक्षक पितळी वजन बॅगेत घालून नदीवर जातो. पुलाखाली बसतो. खूप विचार करतो. आणि मग त्याला देव आठवतो.

धाकटीच्या हातातली पळी थांबली.

“आठवतो म्हणजे कसा?” बाबांनी विचारलं.

“जसा आठवतो तसा. एकदम. मग तो उठला, वजन घेऊन कचेरीत गेला, जागच्या जागी ठेवलं.”

“आणि अर्ज?”

“अर्जही दिला,” अक्का म्हणाली. “आधीच्या तारखेचा नाही, त्याच दिवसाचा.”

बाबा खिडकीतून उठून आत येऊन बसले.

आईने विचारलं की जेवला का. पोटभर, अक्का म्हणाली, वरून दूध प्याला. भावोजींनी त्या सील ठोकलेल्या दुकानदाराचं काय झालं ते विचारलं. दुकान वाटेवरच तर होतं, अक्का म्हणाली. आत गेला, चहा घेतला, दोघांचंही चुकलं असं दोघांनीही मान्य केलं. मग घरी गेला, देवापुढे दिवा लावला आणि झोपला. वाटेत भाजी घेतली होती.

एवढं सुरेख पुस्तक ह्या घरात बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं. आईने डोळे पुसले. बाबा म्हणाले की लेखक परका असला तरी त्याला कार्यालयीन शिस्तीची जाण आहे. भावोजी म्हणाले, मी पहिल्यापासून सांगत होतो. चौघांचं एकमत झालं, आणि अण्णांनी पट्टी उचलली.

धाकटीने ती पट्टी वर जाताना बघितली. तिला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं हा तर नियमच होता. नियम पाळला की पुस्तक बांधलं जाणार होतं, शिलाईचं, अण्णांच्या हातचं. आणि मग कधीतरी, अण्णा गेल्यावर, कोणीतरी वर त्यांच्यासमोर ते उघडून बसणार होतं, आणि शेवटच्या फर्म्याला आल्यावर अण्णांना कळणार होतं. तिचा स्वतःचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. अण्णांचा चेहरा मात्र तिला स्पष्ट दिसला.

“अण्णा,” ती म्हणाली, “तो घरी जात नाही.”

पट्टी हवेतच राहिली. कोपऱ्यातून कोणी बोलल्याला चाळीसेक वर्षं झाली असावीत. बाबांनी आधी दाराकडे बघितलं.

“देवही आठवत नाही त्याला. भाजी तर नाहीच नाही. अक्काआजी, तुम्ही वाचलाच नाहीत ना फर्मा?”

“वाचला की,” अक्का शांतपणे म्हणाली. “दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, पान उलटायचं राहिलं असेल.”

“मग हे सगळं?”

“मंगळवारी वाचला मी तो. तेव्हापासून बसलाय तिथं नदीवर. संध्याकाळी देवापुढे बसले की डोळे मिटल्या मिटल्या हाच दिसतो. सगळ्यांसाठी मागते, तर ह्याच्यासाठीही मागायला लागले. बुधवारी मागितलं, गुरुवारी मागितलं. शनिवारी परत उघडून बघितलं तर तिथंच बसलेला.” तिने अण्णांकडे बघितलं. “आता देवाने ऐकलं नाही म्हणून मी काय तिथंच ठेवू त्याला?”

“अगं पण अक्का, खोटं सांगितलंस की,” अण्णा म्हणाले.

“खोटं कशाला? त्याच्या वतीने अर्ज केला,” अक्का म्हणाली, आणि बाबांनी नकळत मान डोलावली.

अण्णांनी पट्टी टेबलावर अलगद ठेवली. आवाज होऊ दिला नाही. मग त्यांनी असं काही केलं जे पणजोबांनी केलं नव्हतं. अक्काच्या मांडीवरचा रुमाल सोडला आणि फर्मा धाकटीच्या हातात दिला. वाच म्हणाले. शेवटचंच पान, बाकी राहू दे.

धाकटीचे हात खळीने माखलेले होते. ते तिने ओढणीला पुसले आणि वाचलं.

“त्याने वजन पाण्यात टाकलं. आवाज झाला, तो इतर कुठल्याही दगडासारखाच. कोणी ओरडलं नाही. पुलावरून माणसं जात होती, त्यांच्या पिशव्यांत मोजून घेतलेल्या वस्तू होत्या. उद्याही दुकानं उघडतील आणि कोणीतरी कोणालातरी काहीतरी तोलून देईल, ह्याला खाली कुठलाच आधार नाही, हे त्याला आता ठाऊक होतं. तो उठून उभा राहिला. इतकी वर्षं बॅगेमुळे उजवीकडे कललेला खांदा अजून तसाच होता. घर फार लांब होतं. त्याला भूक लागली होती.”

“बघा,” आई लगेच म्हणाली. “भूक लागली. वाचतो हा माणूस.”

बाबा म्हणाले की वजन सरकारी होतं, ते पाण्यात टाकणं ही वेगळी बाब आहे. भावोजींनी खिशातून हात बाहेर काढला होता. ते आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होते.

अण्णा पट्टीवरून बोट फिरवत बसले. आपण आयुष्यभर टाका सरळ घातला तो कशासाठी, हे त्यांना नेहमीच माहीत होतं. वर ऐकावं लागेल म्हणून. शिलाई कच्ची ठेवली तर तिथे पानं सुटतील आणि वाचणारा थांबेल, आणि सगळे आपल्याकडे बघतील. ह्या भीतीने हात कधी चळला नव्हता. आता, ऐंशी उलटल्यावर, एका रिकाम्या खोलीपुढे त्यांना पहिल्यांदाच वाटलं की वडिलांना त्या दिवशी खरंच नुसता ताप असेल. वाटलं, आणि नवल म्हणजे छातीत धस्स झालं नाही. हाताने तेवढ्यात सवयीने समोरच्या फर्म्याची घडी नीट दाबून घेतली होती.

“तो अंगठ्याचा प्रसंग,” ते बाबांना म्हणाले. “तो कधीचा? रिकामी खोली बघायच्या आधीचा की नंतरचा?”

“नंतरचा. म्हणून तर म्हणतो, अधिकार...”

“नंतरचा,” अण्णा म्हणाले. “म्हणजे वर कोणी नाही असं ठरवून खाली आला, आणि तरी पोरीच्या शेंगदाण्यांसाठी थांबला.” त्यांनी पट्टी हातात घेतली. “वर कोणीतरी आहे असं धरून मी नीट वागलो. त्यात माझं काय मोठं? हा पोरगा कोणी बघत नसताना नीट वागला. वर कोणी नाही, हे त्याचं मला पटत नाही. चुकतोय तो. पण मला तिथं नेऊन बसवलं आणि हे वाचून दाखवायला लागले, तर मी कानावर हात ठेवणार नाही. उलट सांगेन, ह्या पोराला आत घ्या, बाहेर उभा असेल. स्वतःहून दार वाजवणार नाही तो.”

आणि त्यांनी पट्टी आपटली.

बाबांनी आपला विरोध कायम असल्याचं सांगितलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. आई म्हणाली, आता सगळ्यांनी आधी खाऊन घ्या, मग शिलाईला बसा. भावोजींना दुकानाची आठवण झाली; जाता जाता त्यांनी दारातून वळून, आपली वजनं एकदा ताडून बघायची असली तर कुठे नेतात असं बाबांना हळूच विचारलं. धाकटी खळीत पाणी घालत होती. खळ आता खळ राहिलेली नव्हती, पण तिला ते दिसत नव्हतं, डोळे भरले होते म्हणून.

अक्का तेवढी जागची हलली नाही.

“माझ्या अर्जाचं काय?” तिने अण्णांना विचारलं.

“शब्द एक बदलता येणार नाही, अक्का. पुस्तक लिहिणाऱ्याचं असतं.”

“सगळं?”

अण्णांनी विचार केला. मग कपाटातून कोऱ्या कागदाचा ताव काढून टेबलावर पसरला. शेवटी कोरी पानं घालतो ना आपण, ते म्हणाले, पुठ्ठ्याच्या आधी. ती लिहिणाऱ्याची नसतात, छापणाऱ्याचीही नसतात. ती बांधणाऱ्याची. तिथं काय होतं ते कोणी कोणाला विचारत नाही. “दोन घालतो मी नेहमी,” ते म्हणाले. “तिथून पुढं तू आणि तो बघा.”

अक्काने कोरा ताव हाताने चाचपून बघितला, जाडी बघतात तसा. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं, पण पुरतं नव्हतं.

“चार घाल,” ती म्हणाली. “घर लांब आहे त्याचं.”